शनिवारच्या बाई

बाईंना 'मॅडम' म्हटलेलं चालत नसे. अमेरिकेत शिकवणाऱ्यांना प्रोफेसर म्हणतात, नाहीतर सरळ नावाने हाक मारतात. तेही त्यांना चालत नसे. "मला शाळेत ज्यांनी शिकवलं त्या बाई होत्या. मीही बाईच. त्यात काय कमी आहे?" असं त्या पहिल्याच दिवशी सांगून टाकत. त्यामुळे अर्विंगजवळच्या आमच्या कम्युनिटी कॉलेजात, दुसऱ्या मजल्यावरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या लॅबमध्ये, दर शनिवारी सकाळी साडेसातला आत येणारी प्रत्येकजण दारातूनच "बाई!" अशी हाक मारायची. नागपूरची मृणालही मारायची आणि मेक्सिकोतून आलेली, लाँड्रीत काम करणारी रोसाही.

यावरून एकदा घोटाळा झाला. आमच्या विभागाचे डीन वर्ग बघायला आले होते. उंच, हळू बोलणारे, सभ्य गृहस्थ. ते दाराशी कागद घेऊन उभे राहिले. एकेकजण येतेय, बाईंकडे बघून हात हलवतेय आणि म्हणतेय, "बाई!" डीनना ऐकू येत होतं, "बाय!" मुली विज्ञान-तंत्रज्ञानाचे कोर्स सोडून जातात, याच्या अहवालांनी त्यांचं टेबल भरलेलं असायचं. त्यांनी घाबरून बाईंना बाहेर बोलावलं. "काही बिघडलंय का? सगळ्या आल्या आल्या निरोप का घेताहेत?"

बाई हसून हसून भिंतीला टेकल्या. मग चष्मा पुसत म्हणाल्या, "आमच्याकडे आत येतानाच बाय म्हणतात. जाताना म्हणत नाहीत, कारण कुणी जात नाही."

हे शेवटचं मात्र अगदी खरं नव्हतं. जाणाऱ्या होत्या, आणि त्यांना जाऊ न देणं हेच बाईंचं खरं काम होतं. शिकवणं त्याच्या नंतर.

कॉलेजचा नियम असा होता, की सत्र सुरू झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात प्रत्येक वर्गातली डोकी मोजायची. दहा असली तर वर्ग राहतो, नऊ असली तर बंद. मंगळवार-गुरुवारच्या संध्याकाळच्या वर्गाला ही धास्ती नव्हती. तिथे मुलग्यांची गर्दी असे आणि त्यांच्यात एखादी मुलगी. ती एखादी मुलगीही महिन्याभरात दिसेनाशी होई. बायका टिकायच्या त्या शनिवारच्या बॅचमध्ये, आणि तीच बॅच दर सत्राला दहाच्या काठावर उभी असायची. कागदावर ती फक्त बायकांची नव्हती. तसं करताही येत नाही. बाई म्हणत, "पुरुषांना मुळीच बंदी नाही. पण शनिवारी सकाळी साडेसातला कोण उठतंय?" ही वेळ त्यांनीच हट्टाने मागून घेतली होती. त्या वेळी नवरे घरी असतात आणि मुलं झोपलेली असतात. ज्यांच्याकडे मुलांना बघायला कुणी नसे, त्यांची मुलं बाईंचे यजमान, आमचे काका, खालच्या कॅन्टीनमध्ये कॅरम घेऊन सांभाळत.

बाईंचं पूर्ण नाव विमल तासगावकर. साठी ओलांडलेली, बुटकी, पांढरे केस मानेपर्यंत कापलेले. साधी पँट, वर सुती कुर्ता, आणि प्रत्येक कुर्त्याला स्वतः शिवून लावलेला खिसा. "बायकांच्या कपड्यांना खिसे नसतात, म्हणून हत्यारं पुरुषांकडे राहिली," असं त्यांचं मत होतं. खिशात टेस्टर, एक छोटी टॉर्च आणि बडीशेपेची पुडी. त्यांनी चाळीस वर्षांपूर्वी महाराष्ट्रातल्या एका पॉलिटेक्निकमधून डिप्लोमा केला होता. वर्गात एकटीच मुलगी. त्या काळाबद्दल त्या जास्त बोलत नसत. एकदाच म्हणाल्या, "वर्कशॉपच्या इमारतीत मुलींसाठी बाथरूम नव्हतं. तीन वर्षं मी सकाळी पाणी प्यायले नाही. हुशारीबिशारी राहू दे, मी तहानेवर डिप्लोमा काढलाय."

कुठलंही बिघडलेलं यंत्र समोर आलं, की त्या आधी त्याचा वास घेत. मीटर नंतर. "स्वयंपाकघरात काय करतेस? डाळ लागली हे कशावरून कळतं? मग इथे नाक का बंद ठेवलंस?" आणि आम्ही सगळ्या रांगेने सर्किटच्या पट्ट्या हुंगत बसायचो. बाहेरून बघणाऱ्याला आम्ही वेड्याच वाटत असू.

माझी आणि त्यांची भेट हळदीकुंकवाला झाली. मी सोळाव्या वर्षी बार्शीहून इथे आले. चुलत्यांनी बाबांचे कागद केले होते. बाबा एका देशी किराणा दुकानाच्या मागच्या किचनमध्ये काम करतात, आई पोळ्यांच्या ऑर्डरी घेते. दोघंही दहावीच्या पुढे गेलेले नाहीत. मी हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला होते, आणि पुढे काय, हे घरात कुणाला विचारावं तेच मला कळत नव्हतं. त्या जानेवारीत एका अपार्टमेंटच्या क्लबहाऊसमध्ये कुणाच्या तरी हळदीकुंकवाला गुळाच्या पोळ्या हव्या होत्या, म्हणून मी आईबरोबर डबे घेऊन गेले. ते 'कुणीतरी' म्हणजे बाई.

आम्ही डबे ठेवून मागच्या मागे निघणार, एवढ्यात बाईंनी आईला हळदीकुंकू लावलं, मला तिळगूळ दिला आणि दोघींच्याही हातात वाण ठेवलं. पिवळ्या मुठीचा स्क्रू ड्रायव्हर. त्याला रबराने गुंडाळलेला कॉलेजचा कागद.

हॉलमध्ये खसखस पिकली होती. जरीच्या साड्या नेसलेल्या चाळीसेक बायका हातात स्क्रू ड्रायव्हर घेऊन उभ्या. एक काकू म्हणाल्या, "अहो, हे कसलं वाण? एखादा स्टीलचा डबा तरी द्यायचा!"

"डबे सगळ्यांकडे आहेत," बाई म्हणाल्या. "उघडायला काही आहे का?"

बायकांना न्यायला आलेल्या नवऱ्यांपैकी एकजण दारातूनच म्हणाला, "मॅडम, आमच्याकडे एक स्क्रू आधीपासूनच ढिला आहे हं!" बाकीचे हसले.

"मग उशीर करायला नको," बाईंनी त्याच्या बायकोकडे बघून म्हटलं. "शनिवारी ये गं. नेमका कुणाचा ढिला आहे ते शोधू." ती बायको म्हणजे मृणाल. नागपूरची इंजिनिअर. लग्न होऊन इथे आली आणि पाच वर्षं घरी होती. तिला काम करण्याचा परवाना अजून मिळालेला नव्हता. ती बाईंना म्हणाली, "शिकून काय करू? काम तर करता येत नाही." बाई म्हणाल्या, "परवाना येईल त्या दिवशी तुझे हात गंजलेले नकोत."

मग माझ्याकडे वळल्या. "तू काय करतेस?"

मी म्हटलं, "पोळ्यांना मदत." आई ओशाळली. बाई म्हणाल्या, "छान. हात चालतोय म्हणजे."

ऑगस्टमध्ये मी नाव घातलं. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिली. बाबांनी त्या दिवशी किचनमधल्या सगळ्यांना जिलबी दिली, आणि मला दुसऱ्याच शनिवारी कळलं की मला इथलं काहीच येत नाही.

पहिल्या चाचणीत शंभरपैकी अडतीस. बॅचमधल्या निम्म्याजणींकडे भारतातल्या डिग्र्या होत्या. त्या 'हे तर आम्ही बारावीला केलं' म्हणत पटापट सोडवायच्या. माझं गणित कच्चं, इंग्रजी त्याहून कच्चं. दुकानाचे मालक बाबांना म्हणाले होते की मुलीला काउंटरवर बसवा, माणूस हवाच आहे. मी तीन दिवस शब्द जुळवून बाईंना इंग्रजीत एक ईमेल लिहिली, की घरगुती कारणामुळे मी कोर्स सोडत आहे. उत्तर मराठीत आलं. "सोडायचं ईमेलवर चालत नाही. शनिवारी ये आणि तोंडाने सांग."

मी गेले. बॅच सुटल्यावर बाईंनी मला खुर्ची दिली नाही, एक मिक्सर दिला. लॅबच्या मागच्या फळीवर असे दहा-बारा मिक्सर कायम असायचे. आपले लोक भारतातून सामानात मिक्सर घेऊन येतात. तो इथल्या विजेवर नीट फिरत नाही, म्हणून कुठलातरी स्वस्तातला कन्व्हर्टर लावतात, आणि मग कधी मिक्सर जातो, कधी कन्व्हर्टर, कधी दोन्ही. ते सगळं बाईंकडे यायचं. बाईंना त्यातून फुकट शिकवायचं सामान मिळायचं.

"बोल," त्या म्हणाल्या. "मी ऐकतेय. बोलताना हात रिकामे ठेवायचे नाहीत. हे उघड."

मी बोलू लागले. इंग्रजी, गणित, अडतीस मार्क, सगळं. बोलता बोलता चार स्क्रू निघाले. घरी कुणाला विचारता येत नाही, असं सांगेपर्यंत झाकण हातात आलं.

"वास घे," बाई म्हणाल्या.

मी घेतला.

"जळका आहे?"

"नाही."

"मग मोटर जळलेली नाही. आणखी काय असेल? बोल की, थांबलीस का? दुकानाचं काय म्हणत होतीस?"

मी दुकानाचं सांगत राहिले आणि मोटरमध्ये बघत राहिले. एका बाजूचा कार्बनचा तुकडा झिजून नखाएवढा उरला होता. "बाई, कार्बन गेलाय," मी म्हटलं.

त्यांनी टॉर्च मारून पाहिलं. कौतुक केलं नाही. खणातून नवीन कार्बनची पुडी काढून माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाल्या, "हं. तर काय सोडायचं म्हणत होतीस?"

समोर मिक्सर उघडा पडला होता. तो तसाच टाकून निघून जाणं मला काही जमलं नाही. त्याला सुरू करेपर्यंत दीड तास गेला. मिक्सर फिरला तेव्हा खालून काका जेवायला हाका मारत होते. जिन्यावर बाई म्हणाल्या, "भीती वाटते ना? वाटू दे. पण उभी राहून घाबर. बसून घाबरलं की पाय झोपतात."

पुढे मला कळलं की ही त्यांची नेहमीचीच रीत होती. त्या बॅचमधल्या बहुतेकजणींनी त्या फळीवरचा एकेक मिक्सर दुरुस्त केला होता. म्हणजे बहुतेकजणी कधी ना कधी सोडायला आल्या होत्या.

दुसऱ्या सत्रात कॉलेजने एक सभा बोलावली. मुली का सोडून जातात, यावर. बाई मला विद्यार्थिनी म्हणून बरोबर घेऊन गेल्या. पिझ्झा होता. बाहेरून बोलावलेल्या एक तरुण सल्लागार होत्या. चांगल्या मनाच्या होत्या, बोलत छान होत्या. त्यांनी पडद्यावर दाखवलं की मुलींमध्ये आत्मविश्वास कमी असतो आणि त्यांना आदर्श दिसत नाहीत. म्हणून भिंतींवर चित्रं लावायची. संरक्षक चष्मे घातलेल्या, हसणाऱ्या मुलींची.

बाईंनी पिशवीतून एक कॅलेंडर काढलं. जानेवारीत देशी दुकानातून सामानाबरोबर फुकट मिळतं ना, तिथी-वार आणि एकादशी असलेलं, तेच. ते त्यांनी पिझ्झाच्या खोक्यावर पसरलं. त्यावर लाल पेनाने खुणा होत्या.

"ही मार्चमध्ये गळेल. तिच्याकडे सासूबाई येताहेत, सहा महिन्यांसाठी. ही जूनमध्ये. मुलांच्या शाळेला सुट्टी लागते. रोसाच्या मुलीचं बाळंतपण एप्रिलमध्ये आहे. हिच्या नवऱ्याच्या व्हिसाची तारीख इथे आहे, त्या महिन्यात हिचं लक्ष लागणार नाही." बाई इंग्रजी बोलत, पण मराठीसारखं ठसक्यात बोलत. "यांच्यात आत्मविश्वास पुरून उरेल एवढा आहे. वेळ नाही. मला एका चुकलेल्या चाचणीची मुभा द्या, कारण न विचारता. आणि शनिवारी दुसऱ्या मजल्यावरचं बायकांचं बाथरूम कुलूप लावून ठेवता, ते उघडा."

सल्लागार जरा गोंधळल्या. "पण हे त्यांचे खासगी, घरातले विषय झाले."

"बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "तुम्ही चित्रं लावा. मी घरी फोन करते."

बाथरूम उघडायला चार पत्रं लागली. चाचणीची मुभा डीननी तिथल्या तिथे दिली. ते बराच वेळ त्या कॅलेंडरकडे बघत होते. मला वाटतं, तसं काही त्यांनी आधी कधी पाहिलं नव्हतं.

मार्चमध्ये गळणारी म्हणून जी खूण होती, ती मृणालची. सासूबाई आल्या आणि मृणालने सांगितलं, "बाई, आता सहा महिने जमणार नाही. त्या घरी असताना मी शनिवारी सकाळी कशी निघू? बरं दिसत नाही." बाईंनी तिच्याशी वाद घातला नाही. शुक्रवारी संध्याकाळी तिच्या घरी जाऊन चहा घेतला आणि सासूबाईंना विचारलं, "काकू, शनिवारी सकाळी तुम्ही काय करता?"

"काय करते! खिडकीतून गाड्या पाहते. माणूस तर दिसतच नाही इथं."

"मग चला माझ्याबरोबर. माणसं दाखवते."

शनिवारी काकू आल्या. काठाची साडी, पायांत मोजे आणि चपला, हातात डबा. कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून सगळ्यांकडे बघत म्हणाल्या, "काय करून राहिल्या बाप्पा ह्या सगळ्या?" बाईंनी त्यांच्यासमोर एक ताट ठेवलं. त्यात शेकडो रेझिस्टर. हे बोटाच्या पेराहून लहान असतात, अंगावर रंगीत पट्ट्या असतात, आणि पट्ट्यांवरून कुठला किती वीज अडवतो ते कळतं. वर्षानुवर्षं विद्यार्थ्यांनी ते एकत्र करून ठेवले होते. वेगळे करायला कुणालाच वेळ नव्हता. "काकू, हे जरा निवडून देता का?" बाईंनी पट्ट्या कशा वाचायच्या ते एकदा सांगितलं.

काकूंनी पदर खोचला. तांदूळ निवडावेत तशी त्यांची बोटं चालू लागली. दोन तासांत अर्धं ताट झालं. तिसऱ्या शनिवारी त्या मृणालच्या खांद्यावरून वाकून म्हणाल्या, "अवं, हे लाल-लाल लावून राहिली तू, तिथं तपकिरी पाहिजे ना?" आणि त्यांचं बरोबर होतं. त्यानंतर मृणालला उशीर होऊ लागला तर काकूच तिला उठवायच्या. सहा महिन्यांनी जाताना त्यांनी बाईंचा हात धरला. "सुनेला काही म्हणू नका. हुशार आहे ती. मीच घरी ठेवून राहिली होती तिला, फोनवरून." बाई एवढंच म्हणाल्या, "तुम्हीच तर टिकवलीत, काकू."

त्यानंतरच्या सत्रात मात्र बाईंच्या हातात काहीच राहिलं नाही. मृणालच्या नवऱ्याची नोकरी गेली. साठ दिवसांत दुसरी शोधायची, नाहीतर देश सोडायचा. त्याला दूर दुसऱ्या राज्यात, बेलव्ह्यूला मिळाली. मोजणीच्या आधीच्या आठवड्यात त्यांनी घर आवरलं. मृणाल फोनवर रडत होती. बाई तिला म्हणाल्या, "रडून झालं की तिकडच्या कॉलेजचा नंबर शोध. तुझी इथली फाईल मी पाठवते." फोन ठेवून त्यांनी हजेरीतली नावं पुन्हा मोजली. आम्ही नऊजणी उरलो होतो. सोमवारी पाच वाजता मोजणी होती.

शनिवारी सगळ्या घाबरलेल्या होत्या. बॅच बंद झाली तर मंगळवारचा वर्ग. पण मंगळवारी संध्याकाळी रोसाची लाँड्रीत शिफ्ट असे, दोघींची मुलं लहान, मी संध्याकाळी दुकानाच्या काउंटरवर. नऊमधल्या फार तर दोघी तिथे जाऊ शकल्या असत्या. रोसा म्हणाली, "बाई, माझ्या वहिनीचं नाव लिहू. तिने यायचं नाही. फक्त नाव."

मीही धीर करून म्हटलं, "माझ्या आईचं लिहा. ती सही करेल."

बाई एकदम कडक झाल्या. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. "एक खोटं नाव लिहिलं, की खऱ्या नऊजणीही खोट्या ठरतात. उद्या कुणीही म्हणेल, त्या बायकांची बॅच ना, ती कागदावरच होती. मला नाव नको. इथे येऊन बसणारं माणूस हवं."

तसं माणूस दोन दिवसांत कुठून येणार? सोमवारी साडेचारला आम्ही चौघीजणी नोंदणीच्या खिडकीजवळ उभ्या होतो. उगाचच. बाई आतून आल्या. हातात पिवळी पावती.

"झाले दहा."

"कोण?" मी विचारलं.

"मी."

डीन मागोमाग आले होते. ते नेहमीच्या हळू आवाजात समजावू लागले, की जो वर्ग तुम्ही शिकवता त्यात तुम्हाला विद्यार्थी म्हणून बसता येत नाही.

"माहीत आहे," बाई म्हणाल्या. "म्हणून शिकवणं सोडलं. पत्र तुमच्या टेबलावर आहे. आता हा दहाजणींचा वर्ग आहे आणि याला शिक्षक नाही. शिक्षक देणं तुमचं काम."

डीननी घड्याळाकडे पाहिलं. मग म्हणाले, "शनिवारी सकाळी साडेसातला मी कुणाला पाठवू?"

"ते मी कसं सांगू? मी विद्यार्थिनी आहे."

पुढच्या शनिवारी स्वतः डीन आले. कॉफीचा मोठा ग्लास आणि सुजलेले डोळे. त्यांनी कित्येक वर्षांत डाग द्यायचं सोल्डरिंग आयर्न हातात धरलं नव्हतं. पहिल्याच दिवशी बोट भाजून घेतलं. रोसाने त्यांना बर्फ आणून दिला. पण माणूस जिद्दीचा होता. आठवडाभर तयारी करून यायचा.

बाई शेवटच्या बाकावर. वहीला तपकिरी कव्हर, त्यावर नाव आणि विषय. मध्येच हात वर. "सर, हे कळलं नाही. पुन्हा सांगा." डीन पुन्हा सांगायचे. थोड्या वेळाने पुन्हा हात. "सर, अजून नाही कळलं." मला आधी वाटलं, त्या डीनची फिरकी घेताहेत. मग एकदा लक्षात आलं, की त्यांचा हात वर जातो तो बरोबर माझी पेन्सिल थांबते तेव्हा. कधी रोसाची थांबते तेव्हा. मागे बसून त्या आमच्या पाठी वाचत होत्या. आम्हाला विचारायची लाज वाटत होती, ते त्या विचारत होत्या. त्यांनी हे आम्हाला कधी सांगितलं नाही आणि आम्हीही बोलून दाखवलं नाही. फक्त नोव्हेंबरच्या सुमारास मी स्वतः हात वर केला. डीन म्हणाले, "हं, विचार." मी मागे वळून पाहिलं नाही, पण मागून बडीशेप चावल्याचा आवाज आला.

अंतिम परीक्षेत बाईंना चौऱ्याण्णव मिळाले. त्यांनी पेपर घेतला आणि सरळ डीनच्या टेबलाशी गेल्या. "सहा मार्क कुठे गेले?"

"तुम्ही मधल्या पायऱ्या लिहिल्या नाहीत."

"पायऱ्या मला दिसतात."

"मला दिसत नाहीत," डीन म्हणाले.

बाई चक्क हसल्या. "बरोबर आहे. हे मी तीस वर्षं मुलींना सांगतेय." पेपर घडी करून त्यांनी कुर्त्याच्या खिशात ठेवला. आम्ही नऊजणी पास झालो. माझे एक्क्याऐंशी.

नंतरच्या सत्रांत दहा भरले, की बाई शिकवायच्या. नऊच राहिले, की बाकावर येऊन बसायच्या आणि डीन शिकवायचे. कॉलेजात कुणीतरी म्हणालं म्हणे, की हे नियमाला धरून नाही. नियम काढून पाहिला तेव्हा ते धरूनच निघालं. बाईंनी तो आधीच वाचला होता.

मी तो कोर्स पूर्ण केला. आता दुसऱ्या शहरात विद्यापीठात इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग शिकते. वर्गात आम्ही मुली थोड्या आहोत. मला अजूनही भीती वाटते. पण उभी असते.

या ऑगस्टमध्ये मार्कांचा दाखला घ्यायला मी जुन्या कॉलेजात गेले होते. मोजणीचाच दिवस होता. शेवटच्या दिवशी नाव घालणाऱ्यांना तिथे अजून कागदी अर्ज भरावा लागतो. त्या रांगेत, पाठीवर सॅक अडकवलेल्या दोन उंच मुलांच्या मागे, बाई. केस आता अगदीच पांढरे. मी हाक मारणार होते, पण त्यांचा नंबर आला होता. मी थांबले.

खिडकीतल्या मुलाने संगणकात पाहिलं. "मॅम, हाच कोर्स तुम्ही आधी पास झाला आहात. चांगल्या ग्रेडने. दोनदा."

"विसरले असेन," बाई म्हणाल्या. "वय झालं."

त्याने खांदे उडवले आणि अर्जावर बोट ठेवलं. "हे राहिलंय. प्रवेश घेण्याचं कारण. एकावर खूण करा." तिथे चौकोन होते. नोकरीसाठी. पुढच्या शिक्षणासाठी. वैयक्तिक आवड.

बाईंनी चष्मा वर ढकलून ते तिन्ही वाचले. मग पेन घेतलं, आणि तिसऱ्या चौकोनाच्या खाली, मोकळ्या जागेत, हाताने आणखी एक चौकोन काढला. सावकाश, चारही बाजू सरळ. त्यात खूण केली. पुढे मराठीत काहीतरी लिहिलं.

मुलाने कागद फिरवून पाहिला. "हे काय लिहिलंय?"

"एक कमी पडतेय," बाई म्हणाल्या, आणि कागद त्याच्याकडे सरकवला. "शिक्का मार बाळ, पाच वाजायला आले."